पडद्याअलीकडची ओळख

"सत्तावन्न पत्रं पाठवली! सत्तावन्न! एकाला तरी उत्तर द्यायची बुद्धी व्हावी? मोठी माणसं म्हणे!"

लेक स्वतःशीच पुटपुटत होती. पण घर ते केवढं! एकाच खोलीचे पडदा लावून दोन भाग केलेले. अलीकडे आईचं शिलाईमशीन, पलीकडे लेकीचं टेबल. आईला सगळं ऐकू गेलं.

लेक बांधकामाचं इंजिनिअरिंग शिकत होती. पुढे ऑफिसात बसून नकाशे करायचे की प्रत्यक्ष साइटवर उभं राहायचं, हेच तिचं ठरत नव्हतं. कॉलेजने सांगितलं होतं, सोमवारपर्यंत या क्षेत्रातल्या कुणाचा तरी होकार आणा आणि सुट्टीत आठवडाभर त्यांचं काम बघा. होकार नसेल तर पुढचा रस्ता डोळे मिटूनच निवडायचा. आज शनिवार होता.

"अगं, त्या पुलाच्या बाई येतायत आज, पँट घालून बघायला," आई म्हणाली. "त्यांना एकदा..."

"नको आई! वशिल्याने मला काही नकोय."

"विचारणं म्हणजे वशिला होय गं?"

"तुला नाही कळायचं."

आईने मशीन सुरू केलं. मशीनच्या आवाजात पुष्कळ गोष्टी झाकल्या जातात.

थोड्या वेळाने पूल बांधणाऱ्या इंजिनिअरबाई आल्या. गेली आठ वर्षं त्या कामावरचे कपडे इथेच शिवून घेत. आई ओठांत टाचण्या धरून त्यांच्या पायाशी बसली. हलायची सोय नसल्यामुळे बाई बोलत सुटल्या.

"गंमत सांगते. परवा एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. 'आपल्या प्रेरणादायी प्रवासाने मी भारावून गेले आहे.' झकास! पण वर नाव कुणाचं? आमच्या शेजारच्या ऑफिसातल्या मिशीवाल्या साहेबांचं!"

पडद्याआड खुर्ची करकरली. घाईघाईत नाव बदलायचंच राहिलं होतं! क्षणभर वाटलं, गप्प बसावं. मग लेक बाहेर आली.

"ते पत्र माझं होतं."

आईच्या ओठांतली टाचणी गळून पडली.

"अशी समोर ये, मला मान वळवता येत नाही," बाई म्हणाल्या. "रागावले नाहीये मी. पण तुला माझ्याकडून काय हवंय, तेच पत्रात कळेना. माझ्या कामाबद्दल एक साधा प्रश्न विचारला असतास, तर चार पानी उत्तर लिहिलं असतं! काम करणाऱ्याला कामाबद्दल बोलायला आवडतं गं, विचारणारंच भेटत नाही. 'मला चिकटवून घ्या' म्हणणं हा वशिला. 'तुमचं काम समजावून सांगा' म्हणण्यात कसला कमीपणा?"

"मग विचारू? साइटवर तुमचा दिवस कसा जातो?"

"ते तुझ्या आईला विचार!"

आई आधी चाचरली, मग ओठांतल्या टाचण्या डबीत टाकून बोलू लागली. "यांच्या पँटी गुडघ्यांवर आधी झिजतात. म्हणजे खुर्चीत कमी, जमिनीवर वाकून जास्त. उजव्या मांडीवर खोल खिसा लागतो, मोजायची टेप सारखी काढावी लागते ना. आणि गेल्या वर्षापासून कोट शिवून घ्यायला लागल्या. मीटिंगा वाढल्या असणार."

"बघ! माझ्या हाताखालच्या निम्म्या लोकांना एवढं ठाऊक नाही," बाई हसल्या. "होकार आत्ता लिहून देते. पण मला सांग, आठ वर्षं मी इथे येतेय, तू माझ्यापासून चार हातांवर. तुझं पत्र मात्र गावभर फिरून माझ्याकडे! आईला का नाही सांगितलंस?"

"अभ्यास असतो हो तिला," आई चटकन म्हणाली. लेक पडद्याबाहेर का येत नाही, असं कुणीही विचारलं की आठ वर्षं ती हेच म्हणत आली होती.

वाचकहो, आपली मुलं ओळखी शोधत लांब लांब जातात, जावंच. पण माणूस जोडायचा म्हणजे आधी त्याच्या कामाकडे नीट बघायचं. आणि ज्याला घरातल्या हातांची कदर नाही, त्याने परक्यांना कितीही पत्रं लिहावीत, ती कोरडीच उतरायची!

 लेक आईच्या शेजारी, जमिनीवर, टाचण्यांच्या डबीपाशी बसली.

"अभ्यास नसायचा, आई. मला लाज वाटायची. तू लोकांच्या पायाशी बसतेस, याची."