खिडकीकडचा स्विच

पंकजाक्षीने पिशवीतून मूठभर उकडा तांदूळ काढला आणि दुकानाच्या काउंटरवर पसरला.

"आता पांढरा लाव," ती म्हणाली. "आणि वरचे सगळे मालव. नाहीतर काय कळणार?"

दुकानदार हंसाने एकेक बटण खाली केलं. केरळातल्या वडकऱ्याच्या जुन्या स्टँडमागच्या त्या गल्लीत बाहेर ऊन रणरणत होतं, पण दुकान खोल होतं, आत अंधारलं. मग तांदळावर पांढरा उजेड पडला. पंकजाक्षी वाकली, नखाने एक खडा बाजूला सारला, मग दुसरा.

"बघ. पिवळ्यात हे दिसले नव्हते. ओट्यावर पांढराच. आणि डोक्यामागे नको हं, समोर. नाहीतर माझीच सावली कढईत."

"चेच्ची, वीस वर्षं दिवे विकतोय," हंसा म्हणाला. "तांदूळ घेऊन आलेलं पहिलंच गिऱ्हाईक."

"तुझी बायको निवडते ना तांदूळ? तिला विचार एकदा."

हंसा हसला. तीही हसली. तिचा नवरा सुगुणन दोन पावलं लांब, पंख्यांच्या खोक्यांपाशी उभा होता. दुकानात आणखी एक जोडपं आलं होतं आणि ते तांदळाकडे बघत होतं. आपण हिच्याबरोबर आलेलोच नाही अशा थाटात त्याने एका पंख्याचं पातं बोटाने फिरवलं.

सत्तावीस वर्षं तो ओमानमधल्या सलाल्याच्या एका लाँड्रीत इस्त्री करत होता. दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस घरी. यंदा एप्रिलात, विषूच्या सणाच्या आदल्या दिवशी तो कायमचा आला, तेव्हा गावाकडच्या नव्या घराला गिलावा झाला होता, फरशी बसली होती. पायापासून स्लॅबपर्यंत सगळं पंकजाक्षीने उभं राहून करून घेतलं होतं. ती फोनवर फोटो पाठवायची. तो "छान" म्हणायचा. आता दिवे तेवढे राहिले होते. ओणमच्या आधी राहायला जायचं होतं. दिवे तरी आपण निवडायचे, असं त्याने विमानातच ठरवलं होतं.

पण पंकजाक्षीपाशी वही होती. मुलीची, अंजुषाची, जुनी शाळेची वही. तिच्यात एकेका खोलीला एकेक पान. जिन्याला वर आणि खाली दोन्हीकडून लागणारा दिवा. न्हाणीघरात आरशाच्या वर. मागे विहिरीपाशी एक, पावसाचं पाणी न शिरणारा. देवाच्या कोनाड्यात काही नाही, तिथे समईच. वायरी कुठून गेल्यात, खटके कुठे आहेत, सगळं तिला पाठ होतं. हंसाही ते बघून माल काढत होता. सुगुणनला कुणी काही विचारत नव्हतं असं नाही. दर वेळी हंसा मान वळवून म्हणे, "चालेल ना, सुगुणेट्टा?" पण तेवढ्यात खोकं उघडलेलं असे.

"हॉलचं माझ्याकडे," सुगुणन पुढे येत म्हणाला. त्याने फोन काढून फोटो दाखवला. काचेच्या लोलकांचं तीन पदरी झुंबर. "असलं आहे का?"

हंसाने फोटो मोठा करून पाहिला. "जवळपासचं आहे. वर माडीवर लावलंय. हे कुठलं?"

"आमच्या अरबाबाच्या घरातलं."

दर गुरुवारी तो अरबाबाचे, म्हणजे मालकाचे, कपडे पोचवायला जायचा. आतून कुणी येऊन कपडे मोजून घेईपर्यंत त्या झुंबराखाली उभं राहायचं. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. बसायला कुणी सांगत नसे. तो वर बघत राहायचा. किती लोलक आहेत तेही त्याला ठाऊक होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं आणि आताही सांगितलं नाही.

पंकजाक्षीने फोटोकडे एकदा पाहिलं. "पुसणार कोण ते? दोन महिन्यांत कोळी घर करतील."

"मी पुसीन. आता इथेच तर आहे."

तिने वहीचं पान उलटलं. "झोपायची खोली," तिने हंसाला सांगितलं. "पिवळा. अगदी मंद. उशापाशी, खिडकीच्या बाजूला."

सुगुणनने मान लांब करून वहीत पाहिलं. तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: दिवा एक, स्विच एक, खिडकीकडे.

"एकच?" त्याने विचारलं.

"काय एकच?"

"स्विच."

"मी खिडकीकडेच झोपते," ती म्हणाली. जणू त्याने आजचा वार विचारला आणि तिने सांगितला.

हंसा जग पाहिलेला माणूस. त्याने लगेच सावरून घेतलं. "चेच्ची, तेव्हा सुगुणेट्टा तिकडे होता. आता आलाय की. वायरमनला सांगतो, दुसऱ्या बाजूलाही एक काढून देईल. अर्ध्या दिवसाचं काम."

"गिलावा झालाय," पंकजाक्षी म्हणाली. "रंगाचा हातही बसलाय. आता भिंत कशाला फोडायची?"

हंसाने सुगुणनकडे पाहिलं आणि मग तो खोक्यावरची धूळ झटकायला लागला.

सुगुणनने वहीच्या पानावर तळवा ठेवला आणि ते सपाट केलं. हाताला सवयच होती ती. पुढ्यात काही चुरगळलेलं आलं की हात आपोआप फिरायचा. गेला दीड महिना त्याच्या डोळ्यांपुढून गेला. सलाल्यात खोलीत आठ जण, पाळ्या वेगवेगळ्या, ट्यूब कधी बंदच व्हायची नाही. त्याला आता अंधारात झोप लागत नव्हती. पहिले चार दिवस पंकजाक्षी तोंडावर पदर घेऊन झोपली. पाचव्या दिवशी तिने चटई उचलली आणि अंजुषाच्या रिकाम्या खोलीत गेली. "तुम्हाला नीट झोप लागू दे," म्हणाली. भांडण नाही, काही नाही. सकाळी चहा वेळेवर, मासळी त्याच्या आवडीची. तो आवारात एखादी कुंडी हलवायचा. संध्याकाळी ती जागेवर गेलेली असायची.

चटईची गोष्ट त्याने मनाला लावून घेतली नव्हती. जुनं घर लहान, होतं असं. नव्या घरात सुरळीत होईल. पण ही भिंत नवी होती.

तो बोलला तेव्हा ते वाक्य कुठून आलं हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

"तसंही मला परत बोलावलंय," तो म्हणाला. "कंपनीने."

कुणीही बोलावलं नव्हतं. त्याच्या इस्त्रीच्या टेबलापाशी आता एक बांगलादेशी पोरगा उभा होता. सुगुणनला फक्त तिचा चेहरा बघायचा होता. ती म्हणेल, पुरे झालं आता. म्हणेल, या वयात कशाला. निदान चिडेल, कायमचं म्हणून आलात ना, म्हणून. यातलं काहीही चाललं असतं. मग तो म्हणणार होता, बरं, नाही जात.

पंकजाक्षी तांदूळ गोळा करत होती. तिचा हात थांबला.

"कधी?"

"पुढल्या महिन्यात."

"किती दिवसांसाठी?"

"दोन वर्षं."

"म्हणजे वास्तुशांतीला नसाल."

"नसेन."

"अंजुषाला वाईट वाटेल," ती म्हणाली.

पुढचं ऐकायला तो थांबला. तिने उरलेले तांदूळ मुठीत घेतले, पिशवीत टाकले, हात झटकले. आणि मग त्याच्याकडे वळून, दीड महिन्यात त्याने ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली,

"घ्या ते झुंबर. तुमची हौस आहे ना? हंसा, खाली काढायला सांग. नीट बघून घेऊ दे यांना."

"पुसायचं काय?" हंसा म्हणाला.

"पुसीन मी. महिन्यातून एकदा शिडीवर चढले तर काय झिजणार आहे?"

झुंबर खाली आलं. ती सुगुणनच्या शेजारी उभी राहिली, एकेक लोलक हातात घेऊन बघितला, एकाला चीर होती तो बदलून मागितला. हंसाशी थट्टा केली. चहा सांगितला, आणि सुगुणनच्या चहात साखर कमी आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखून पोऱ्याला परत पाठवलं. खोकी बांधली जात होती तेव्हा तिने त्याच्या सदऱ्याच्या कॉलरवरचा धागा तोडला.

आणि सुगुणनला ते आठवलं. हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं. दर खेपेला, सुटीचे शेवटचे आठ दिवस. ती अशीच व्हायची. लाड करायची, हसायची, जवळ बसायची. विमानतळावर डोळे पुसायची. ते खोटं नव्हतं. त्याने बायकोला खोटं रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या आठ दिवसांच्या जोरावर तो तिकडे दोन दोन वर्षं काढायचा. ताटातुटीचं दुःख म्हणून तो ते जपत आला होता.

"चालेल ना, सुगुणेट्टा?" हंसाने पावती पुढे केली.

"चालेल," तो म्हणाला.

खोकी टेम्पोने संध्याकाळी पोचणार होती. दोघं स्टँडकडे निघाले. येताना ती चार पावलं पुढे होती. आता ती त्याच्या बरोबरीने चालत होती, उन्हाच्या बाजूने, म्हणजे तो सावलीत. कोपऱ्यावर एक म्हातारी कैऱ्या घेऊन बसली होती. पंकजाक्षी थबकली.

"अहो, या शेवटच्याच दिसतायत. लोणचं घालून टाकते. मुरायला महिना मिळेल." ती उकिडवी बसून कैऱ्या दाबून बघायला लागली. "मागच्या खेपेचं पुरलं नाही म्हणाला होतात. यंदा खोलीत किती जण असाल?"

सुगुणनने रस्त्याकडे पाहिलं. तिला आत्ता सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. तिने कैरी नाकाशी नेली होती आणि वास घेताना तिचे डोळे मिटले होते. कपाळावरची आठी, जी त्याला तिच्या चेहऱ्याचाच भाग वाटायला लागली होती, ती नव्हती.

"सहा," तो म्हणाला.

"मग दोन बरण्या," ती म्हातारीला म्हणाली. "चांगल्या कडक दे हं, मावशी. लांब जायच्यात."

"मी आलो, एक फोन करून," म्हणून तो पलीकडे बंद शटरच्या पायरीपाशी गेला. सलाल्यात आता पहिली पाळी सुटत आली असेल. घंटी बराच वेळ वाजली. मग मशिनींच्या घरघरीतून जुन्या मुकादमाचा आवाज आला.

सुगुणनने पाठ वळवली आणि फोनवर हात धरला.

"युसुफभाई, सुगुणन बोलतोय. हो, हो, सगळे मजेत. घर झालं." त्याने आवाज खाली आणला. "काही काम आहे का? इस्त्रीचंच पाहिजे असं नाही. धुण्याचं असलं तरी चालेल."

मागे पंकजाक्षी म्हातारीशी घासाघीस करत हसत होती.