मिलियाची मर्जी

मिलियाचं लग्न ठरलं तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि नवरदेव पाळण्यात. तिच्या बास्क मुलखातल्या बापाला कॅटालोनियातल्या एका सरदाराशी सलोखा हवा होता, म्हणून तिला खेचरावर बांधून सासरी धाडलं. वाढवलं सासूने, सावरीनाने. आता मिलिया बारा वर्षांची झाली आणि दोन्ही बापांचं फाटलं. शिवाय नवरदेव उगेतला दुसरी मुलगी सांगून आली होती. तिच्याबरोबर एक अख्खी खिंड मिळत होती. मिलियाबरोबर नुसती मिलियाच होती.

पण चर्चचा नियम असा, की असं लग्न मोडायचं तर बारा वर्षांच्या मुलीने बिशपसमोर स्वतःच्या मर्जीने नकार द्यायला हवा. ही मर्जी तिला शिकवायला सगळा वाडा आठवडाभर खपत होता.

त्या सकाळी केस विंचरताना सावरीना म्हणाली, "उगेत नको, एवढंच म्हणायचं."

"तो तसाही नकोच आहे, आई. काल बोकडाशी भांडला. आणि हरला."

"मग झालं तर."

"पण तू हवी आहेस."

सावरीनाची फणी थांबली. "ते कुणी विचारणार नाही, बाळा."

"मी हो म्हटलं तर?"

"तर तुझा सासरा मला मठात टाकेल. मग तू आणि उगेत, दोघं बसा बोकडाशी भांडत."

प्रार्थनागृहात बिशपने विचारलं, "उगेत तुला नवरा म्हणून मान्य आहे?"

"सासू मान्य आहे," मिलिया म्हणाली.

हशा पिकला. उगेतही हसला, कशावर ते त्याला कळलं नव्हतं. सासूसाठी असा विधी नाही, असं बिशपने समजावून सांगितलं.

मिलियाने सावरीनाकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती.

"नको," मिलिया म्हणाली.

"स्वखुशीने?"

"स्वखुशीने."

मिलियाला माहेरी न्यायला आलेली बाई धावत पुढे आली आणि तिला कवटाळून बास्क भाषेत काहीबाही बोलू लागली. मिलियाला एक अक्षर कळेना. दुभाष्या साधूने घसा साफ केला. "या तुझ्या आई. म्हणतात, माझं सोनं. म्हणतात, किती वाट बघितली. आता नुसत्या रडताहेत, त्याचं भाषांतर होत नाही."

मिलियाला त्या बाईची दया आली. "रडू नका, हे यांच्या भाषेत कसं म्हणायचं?"

साधूने सांगितलं. तिने तसंच म्हटलं. बाई आणखीच रडू लागली.

"माझं काही चुकलं का, आई?" सवयीने मागे वळून तिने विचारलं.

मागे सावरीना नव्हती. खिंडवाल्या पाहुण्यांच्या स्वागताला तिला केव्हाच नेलं होतं.