मी, घराची दुसरी किल्ली

मी किल्ली बोलतेय. पहिली नव्हे, दुसरी. पहिली मालकिणीच्या पर्समध्ये मिरवते. माझा जन्म विश्वासातल्या माणसाकडे राहण्यासाठी झाला. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने कानस मारून पाच मिनिटांत मला घडवलं. मला कुणाकडे ठेवायचं, हे ठरायला मात्र नऊ दिवस लागले.

मालकीण पुन्हा नोकरीवर रुजू होणार होती. लेक चार वर्षांची, साडेबाराला बालवाडीतून येणार. पाचपर्यंत तिच्यापाशी कोण बसेल, या काळजीने मालकिणीची झोपच उडाली होती. बसायला तयार दोघी होत्या : तळमजल्यावरच्या काकू आणि वर दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई. नर्सबाईंनी तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढलेली. पण इमारतीच्या प्रार्थनामंडळात नाव घालायला सांगितलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "मी देव मानत नाही." तेव्हापासून त्यांच्याबद्दलचं प्रत्येक वाक्य 'बाई चांगल्या आहेत, पण' इथे येऊन अडायचं.

"मला त्यांच्या न मानण्याचं काही नाही," मालकीण नवऱ्याला म्हणाली. "मी तरी कुठे रोज हात जोडते? पण कुणाची भीतीच नाही म्हटल्यावर..."

"तू काय कुणाच्या भीतीने पोरीला सांभाळतेस?"

"माझं वेगळं. मला सगळ्याचीच भीती वाटते."

मी काकूंकडे गेले. त्यांनी मला प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी ठेवलं. मालकीण निर्धास्त झाली.

आता मलाच ठाऊक असलेलं सांगते. प्रार्थनामंडळ दुपारी दोनला बसतं. दुसऱ्याच दिवशी पावणेदोनला काकू मला मुठीत घेऊन जिना चढल्या.

"नर्सबाई, पोरीपाशी बसता का जरा? मंडळ चुकवून कसं चालेल? आणि तुमच्याइतकं खात्रीचं माणूस नाही हो दुसरं."

ते 'जरा' रोज पावणेपाचपर्यंत चालायचं. नर्सबाई आणि पोर मिळून बाहुलीच्या पायाला पट्टी बांधायच्या, सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. मग पोर त्यांच्या मांडीवर झोपून जायची. संध्याकाळी मालकीण काकूंचे हात धरून म्हणायची, "तुम्ही आहात म्हणून निभावतंय." काकू नम्रपणे वर बोट दाखवायच्या. मालकिणीला वाटायचं, देव. माझ्या माहितीप्रमाणे, दुसरा मजला.

असे वीस दिवस गेले. आज मालकीण डोकं दुखतंय म्हणून तीनलाच आली. दार उघडलं नर्सबाईंनी. तिने काकूंना मंडळातून बोलावून घेतलं.

"काकू, मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर किल्ली दिली असतीस?"

नर्सबाईंनी चष्मा उचलला, मला टेबलावर ठेवलं. "आत्ताच उठलीय झोपेतून, पाणी द्या तिला," म्हणाल्या आणि पायात चपला घालू लागल्या.

मी टेबलावर पडून आहे. उद्याही दुपार होणारच. माझं मागणं एवढंच, मला खुशाल कुणाकडेही द्या. पण दार जो हात उघडतो, आभार त्याचेच माना.

मालकीण पोरीकडे वळली. "आणि तू गं? एकदाही बोलली नाहीस मला?"

"तू विचारायचीस, काकूंना त्रास दिलास का. मी नव्हता दिला," पोर म्हणाली. "वरच्या आजींना दिला. उद्यापण देणार आहे."