हात लावू नये

हसू नका, घोडाच बोलतोय. लाकडाचा आहे, पण माणसांचं जे बघितलंय त्यावरून सांगतो, डोकं तुमच्यापेक्षा माझं बरं.

बोर्ली पंचतनच्या अनंता सुताराने फणसाच्या लाकडातून मला घडवलं. पाठ घासून घासून गुळगुळीत केली नि म्हणाला, "आता पोरांनी लाथा मारायच्या आणि तू डुलायचं." काय भाबडा माणूस! मला विकत घेतलं अलिबागमध्ये पाळणाघर चालवणाऱ्या मृणाली मॅडमनी. त्यांनी दर्शनी खोलीत उभं करून माझ्या गळ्यात पाटी अडकवली, 'हात लावू नये'. पाच वर्षं मी तसाच. पोरं आतल्या खोलीत.

मी आई-बापांना दाखवण्यापुरता. ते फोन करून, वेळ ठरवून अकराला येतात. त्याआधी फरशीवर फिनेल फिरतं, माझ्यावर ओलं फडकं फिरतं आणि पोरं सांभाळणाऱ्या शकूला स्वयंपाकघरात धाडतात, कारण ती 'हाय-न्हाय' बोलते. मग आई-बाप विचारतात, एसी आहे का? इंग्रजी शिकवता का? कॅमेरा मोबाईलवर दिसतो का? मूल रडलं तर उचलतं कोण, हे विचारायची अक्कल एकालाही नाही.

गेल्या पावसानंतर मितेश आणि कल्पिता आले. तो ट्रकवाल्या बापाचा मुलगा, पायात पांढरेशुभ्र बूट. ती कोर्टात कारकून, सोमवारी तिची रजा संपत होती. कडेवर सहा महिन्यांची राही. मॅडमनी घ्यायचा अवकाश, पोरीने भोकाड पसरलं. ड्रेसला लाळ लागेल म्हणून मॅडमनी तिला हातभर लांब धरलं. तेवढ्यात ओल्या हातांनी शकू धावत आली.

"आन गो हिला इकरं. काय झाला माझे बायला?" म्हणत तिने राहीला सरळ माझ्या पाठीवर बसवलं. पाच वर्षांतलं पहिलं मूल! पोरगी गप्प. माझा कान धरून टकामका बघत राहिली.

"ही कोण?" मितेशने नाक मुरडलं. "असली भाषा राहीच्या कानावर नको." एवढ्यात त्याचा फोन वाजला. "व्हय गो आये, बगतंय. जागा चांगली हाय," म्हणत तो दारात गेला. वा रे शहाणा! ज्या बोलीत आईने वाढवलं, तिचीच लाज. कल्पिताने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि अर्ज भरायला घेतला. सोमवार तोंडावर आला होता. शकूने राहीला हात लावायचा नाही, या अटीवर प्रवेश ठरला.

शकूपासून लांब म्हणून राहीची गादी माझ्याशेजारी घातली. सोमवारी ती रडली. मंगळवारी घसा बसेपर्यंत रडली. शकू दोनदा दारापर्यंत आली, दोनदा मॅडमनी तिला परत धाडलं. वर मितेशचा मेसेज मॅडम कौतुकाने वाचून दाखवत, 'मस्त रमलीय राही!' कॅमेऱ्याला डोळा असतो, कान नसतो, हे त्या दीडशहाण्याला सांगणार कोण? मी? मी नुसता ठोकळ्यासारखा उभा. त्या दोन दिवसांत मला माझीसुद्धा किळस आली.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत कल्पिता न सांगता आली. फाटकातूनच तिने ऐकलं आणि धावत सुटली. रडणाऱ्या राहीला उचलून ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नि तिने स्पीकरवर नवऱ्याला फोन लावला.

"कॅमेरा लावून बघा. दिसतेय का राही?"

"दिसतेय की!" पलीकडच्या गोंगाटातून मितेश म्हणाला. "कशी तोंड उघडून हसतेय बघ."

कल्पिताने फोन राहीच्या तोंडाजवळ नेला.

 पलीकडून मितेशचा आवाज आला, अगदी आईशी बोलतो तसा. "शकूताईला बोलव गो. लवकर बोलव."

त्याच दिवशी कल्पिताने माझ्या गळ्यातली पाटी ओढून काढली. आता राहीने कान चावून चावून माझा रंग घालवलाय, पाठीला दुधाचा आंबूस वास येतो. असं ध्यान पाहुण्यांना दाखवायची मॅडमना लाज वाटते, म्हणून त्यांनी मला आत शकूजवळ टाकलंय. पण अकराला येणाऱ्यांचं अजून तेच, एसी, इंग्रजी, कॅमेरा. अहो, एकदा मोबाईल खिशात घाला, न सांगता या आणि दोन मिनिटं फाटकाशी उभं राहून ऐका. एवढं जमेल ना?

चला, पोरं खोळंबलीत. बोर्लीला गेलात तर अनंता सुताराला माझा निरोप सांगा. म्हणावं, लाथा पडायला लागल्या.