सातवा रकाना

गठ्ठ्याची दोरी सोडून बाईंनी पहिला अर्ज काढला, मग दुसरा, मग अकरावा, आणि तिन्ही शेजारी शेजारी ठेवले. खालचे अंगठे वेगवेगळ्या माणसांचे होते. अक्षर मात्र एकाचंच, पट्टी लावून उभं केल्यासारखं.

तुरुंगाच्या आवक खिडकीवर त्या कारकून होत्या. अर्ज तपासायचा, आवक क्रमांक टाकायचा, पुढे पाठवायचा. एखादा रकाना रिकामा दिसला की 'अपूर्ण, परत' असा शिक्का. बारा वर्षांत एकही तक्रार नाही.

"हे लिहितं कोण?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"मोजणीवाला. बाहेर जमिनी मोजायचा. आता अख्ख्या बराकीचा वकील झालाय, बिनफीचा. कुणाला जामीन, कुणाला चष्मा."

"आणि त्याचा स्वतःचा अर्ज?"

"साडेपाच वर्षं झाली त्याला आत येऊन. खटलाच उभा राहिला नाही." शिपायाने खांदे उडवले. "तुम्हाला कशाला नसत्या चौकशा?"

बाईंना राहवेना. दुपारी त्यांनी त्याला खिडकीशी बोलावून घेतलं. किडकिडीत माणूस, कानामागे पेन्सिलीचा तुकडा.

"जगाचे अर्ज लिहिता, स्वतःचा का नाही?"

"दोनदा दिला, बाई." त्याने खिशातून घडी काढून गजांतून आत सरकवली.

अर्जावर लाल शिक्का होता. शिक्क्याखाली बाईंची स्वतःची सही. सातवा रकाना, 'कोणत्या कलमाखाली अटक', कोरा.

"मी किती सांगितलं याला," शिपाई मध्येच बोलला, "काहीतरी ठोकून दे. कोण बघतंय?"

"मला कुणी सांगितलंच नाही कलम. जे मोजलं नाही ते मी नकाशात दाखवत नाही."

बाई घडीवरच्या आपल्या सहीकडे बघत राहिल्या. सही अगदी नीट होती, घाईत केलेली नव्हती. त्यांनी शिक्का उचलला, टेबलाच्या पार टोकाला ठेवला आणि खणातून कोरा अर्ज काढला.

"रकाना रिकामा चालत नाही. खरं लिहिलेलं चालतं."

त्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पेन मागून घेतलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर सगळा अर्ज नव्याने भरला. सातव्यात लिहिलं : आजवर सांगितलेले नाही.

बाईंनी आवक क्रमांक टाकला, पोच फाडून दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई आला तो छातीशी गठ्ठा कवटाळूनच.

"घ्या! करा आता नसत्या चौकशा."

बाईंनी दोरी सोडली. अंगठे छत्तीस, अक्षर तेच. प्रत्येकाच्या सातव्या रकान्यात तेच तीन शब्द.

"साहेब विचारतील, बाई."

"विचारू देत," त्या म्हणाल्या, आणि आवक वहीचं नवं पान उघडून पहिला क्रमांक टाकला.