ब्रश थांबला तेव्हा

रविवारी सकाळी सत्यजितची बायको रुचा आणि मुलगी जुई जपान सोडून पुण्याला कायमच्या परत निघणार होत्या. त्यांना विमानतळावर पोचवायचं, तर सत्यजितच्या संघाला त्याआधी हरायला हवं होतं.

कंपनीच्या कर्लिंग संघात तो साहेबांच्या, हासेगावा-सानांच्या, शब्दाखातर शिरला होता. नागानोच्या डोंगरातल्या या गावी विभागीय स्पर्धेला येताना त्याला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी गाशा गुंडाळू. पण संघ जिंकतच सुटला. गाव हासेगावांचं. दुकानांच्या काचांवर त्यांचं नाव लागलेलं. सरावाला जाताना म्हाताऱ्या बायका सत्यजितच्या हातात गरम रताळी कोंबायच्या. राखीव खेळाडू तापानं अंथरुणाला खिळलेला.

"सांगून टाक ना त्यांना," रुचा फोनवर म्हणाली.

"माझ्या जागी कुणी नाहीये गं. त्यांचं गाव आहे हे."

"आणि आम्ही तुझ्या कोण?"

अंतिम सामना रविवारी होता. शनिवारी उपांत्य सामन्याचा शेवटचा दगड हासेगावांच्या हाती होता. दगड बर्फावर सोडला, की त्याच्यापुढं दोघांनी ब्रशनं बर्फ घासत जायचं. घासलं की तो लांब जातो. दगड संथ निघाला. पलीकडून "घासा, घासा" अशी ओरड झाली. सत्यजित वाकून घासत होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर विमानतळावर बॅग ओढणारी जुई होती. मध्येच त्यानं हातांवरचा जोर काढला. ब्रश नुसताच हलत राहिला.

दगड निशाण्याच्या वर्तुळाच्या अलीकडेच थांबला आणि संघ हरला. हासेगावा प्रेक्षकांकडे वळून कमरेत वाकले. "माझा हात कमी पडला. माफ करा." गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या सत्यजितला ऐकवेनात.

पिशवी उचलून तो धावतच स्टेशनवर गेला. स्टेशनमास्तरांनी दोन्ही हातांनी फुली केली. घाटात बर्फ कोसळलं होतं. रेल्वे बंद, रस्ताही बंद, सोमवारपर्यंत तरी.

रविवारी जुईचा फोन आला. "पापा, कात्ता?" जिंकलात का, तिनं सवयीनं जपानीतच विचारलं.

"नाही गं, बाळा. हरलो."

"मग इथं का नाही आलात?"

मागून विमानाची घोषणा ऐकू आली आणि रुचानं फोन घेतला. "पोचले की कळवते," एवढंच ती म्हणाली.

अख्खं गाव अंतिम सामन्याला गेलं होतं. हासेगावा मात्र आईच्या दारातलं बर्फ काढत होते. सत्यजितनं भिंतीला टेकवलेलं दुसरं फावडं घेतलं. दोघांनी पायरीपर्यंतचं बर्फ उपसलं.

"काल मी घासताना जोर काढून घेतला होता," अखेर तो म्हणाला. "मुद्दाम."

"हो. घासण्याचा आवाज बदलला होता."

"मग सगळ्यांदेखत दोष स्वतःवर का घेतलात?"

हासेगावांनी फावडं थांबवलं. "तुमचं नाव घेतलं असतं, तर काल रात्री या गावात तुम्ही कुठं गेला असता?"

रागावले असते तर बरं, असं सत्यजितला वाटलं. ते रागावले नव्हते. "का केलंत?" एवढंही त्यांनी विचारलं नाही. मग त्यानं आपणहून मुलीचं आणि विमानाचं सांगितलं. ऐकून ते इतकंच म्हणाले, "आधी बोलला असतात, तर चौघांऐवजी तिघंच खेळलो असतो. नियमात बसतं ते."

दार उघडून त्यांच्या आईनं जेवायला हाक मारली. शाकाहारी पाहुण्यासाठी ती मासे न घातलेलं सूप वेगळं करून बसली होती. सत्यजित बूट काढून आत गेला.