स्टुलावरच्याचा शब्द

“ताई, बाबांच्या उजव्या हाताकडे जरा लक्ष असू द्या,” फोर्कलिफ्टवाला म्हणाला होता. ती तेव्हा शीतगृहाच्या फाटकाशी बाबांचा विसरलेला चष्मा घेऊन उभी होती आणि कडेवरची चार वर्षांची लेक तिच्या कानातलं ओढत होती. “हल्ली कपसुद्धा डाव्या हातानं उचलतात.”

“वय झालं हो. उद्या उलट्या चपला घालतील,” ती हसत म्हणाली. तो हसला नाही. तिनं चष्मा त्याच्या हातात दिला, लेकीची मूठ सोडवली आणि बसमागे धावली.

लेक दोनदा शिंकली तर थर्मामीटर शोधणारी, झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासणारी ही बाई. पण ते वाक्य तिनं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. त्याला आता आठ महिने झाले होते. आज रविवारी दुपारी ती बाबांच्या स्टुलावर बसली होती, आणि बाबा दाराच्या आत होते. दारावरचा काटा उणे वीस दाखवत होता.

ते दार म्हणजे बाबांची अठ्ठावीस वर्षं. आत गोठवलेल्या मटारांच्या आणि मासळीच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या. आत जाणारा प्रत्येक जण दारालगतच्या फळीवर आपला पितळी बिल्ला अडकवायचा आणि बाहेर आला की काढून घ्यायचा. बाबांचं काम एवढंच, की फळीवर बिल्ला आहे तोवर आतल्या माणसाला विसरायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी ते दारावर तीन टोले द्यायचे, मग आतला माणूस काचेच्या झरोक्यासमोर येऊन हात वर करायचा आणि अंगठ्याला करंगळी टेकवून दाखवायचा. टेकली तर ठीक, नाही टेकली तर बाहेर. गारठलेल्या माणसाची जीभ थापा मारते, बोटांना तेवढी अक्कल नसते, असं बाबांचं म्हणणं. या टोल्यांमुळे सगळे त्यांना टकटककाका म्हणायचे. नियम एकच होता, आणि तो मालकालाही चुकला नव्हता: स्टुलावरच्याचा शब्द शेवटचा.

या माणसाला निवृत्तीच्या तोंडावर परदेशात जाऊन बर्फात तंबू ठोकून राहायचं होतं.

पहिल्यांदा त्यांनी हे जेवताना सांगितलं तेव्हा तिच्या नवऱ्याला ठसका लागला. “अठ्ठावीस वर्षं फ्रीजसमोर बसलात,” तो म्हणाला, “आणि सुट्टी मिळाल्यावर निघालात कुठं, तर फ्रीजमध्ये.”

“समोर बसलो, जावईबापू. आत राहिलो कुठं?” बाबा म्हणाले. “लोक आत जायचे, मी दार लावून बाहेर. एकदा बघायचंय, सगळीकडे तेच असलं आणि दारच नसलं तर कसं वाटतं.”

नवऱ्यानं हसत पुन्हा वाढून घेतलं. ती मात्र त्या दिवसापासून धास्तावली, आणि धास्तावली की ती याद्या करते. गोठलेल्या तळ्याकाठी चार रात्री, सहा माणसं, सामान ओढायला प्रत्येकाची एक घसरगाडी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चढत गेले. सुती कपडा एकही नको, घाम धरून ठेवतो. बूट एक माप मोठे. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरतो आणि तोंड मोकळं राहतं. उद्याचे मोजे आज झोपायच्या पिशवीत, पोटाशी. लेकीनं त्या रात्रीपासून आपले मोजे पोटाशी घेऊन झोपायला सुरुवात केली. “हिला घेऊन जा,” नवरा म्हणाला, “ही तयार आहे.”

सहलीची म्होरकी तिकडचीच एक बाई होती, शब्दांची काटकसर करणारी. तिनं एक फॉर्म पाठवला होता. येणाऱ्यानं निघण्यापूर्वी उणे पंधराच्या खालच्या थंडीत एक तास सराव करायचा. तंबू उभा करायचा, झोपायच्या पिशवीत शिरून चेन लावायची, बाहेर येऊन बूट चढवायचे. आणि हे सगळं हातमोजे घालून, दोन्ही हातांनी, कुणाच्या मदतीशिवाय. खाली, ज्याच्या डोळ्यांदेखत हे झालं त्याची सही. सही नसेल तर जागा नाही.

जिथे उन्हानं डांबर पायाला चिकटतं तिथे उणे पंधरा कुठून आणायचं? बाबांनी साहेबांकडून रविवारची परवानगी काढली. दार उघडायला फोर्कलिफ्टवाला आला. बाबा मात्र पूर्ण पोशाख चढवूनच रिक्षातून उतरले. घामानं निथळत होते.

“घरून असं निघायची काय गरज होती?” तिनं विचारलं.

“वेळ वाचतो.”

त्यांनी फळीवर एक नंबरचा बिल्ला अडकवला, तिला स्टुलाकडे हात केला आणि म्हणाले, “पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा. चौदा नाही, सोळा नाही. आणि मोबाइल खिशात.”

दार बंद झालं.

पहिल्या टोल्यांना बाबा लगेच झरोक्याशी आले. हातमोजा काढलेला डावा हात वर, करंगळी अंगठ्यावर. वर भुवया उडवून दाखवल्या. तिला हसू आलं. त्यांच्यामागे तंबूचं कापड जमिनीवर पसरलेलं दिसत होतं.

दुसऱ्या वेळी तंबू उभा होता. पुन्हा डावा हात. ती घड्याळाकडे वळली तेव्हा फोर्कलिफ्टवाला भिंतीला टेकून जमिनीकडे बघत उभा होता.

“उजवा मागा,” तो म्हणाला.

“काय?”

“पुढच्या वेळी उजवा हात मागा, ताई. मी सांगितलं म्हणून नका सांगू.”

आता फाटकाशी ऐकलेलं ते वाक्य तिला जसंच्या तसं आठवलं. ती पंधरा मिनिटं संपता संपेनात. एकदा झरोक्यातून बघितलं तर बाबा झोपायच्या पिशवीत शिरले होते आणि चेनीचं टोक दातांत धरून मान मागे ओढत होते. तिला वाटलं, मजा करतायत. मग त्यांनी ते तिसऱ्यांदा केलं.

वेळ झाली. तीन टोले. बाबा आले, डावा हात वर केला. तिनं काचेसमोर स्वतःचा उजवा हात नाचवला. त्यांनी पुन्हा डावाच दाखवला, जरा जोरात, जणू तिलाच दिसत नाहीये. तिनं मान हलवली, उजवा हात काचेवर आपटला. बाबांनी तिच्याकडे बघितलं, आणि पाठ फिरवून तंबूची दोरी सोडायला लागले.

“उघडा दार,” ती म्हणाली.

आतली हवा चेहऱ्यावर चापट मारल्यासारखी आली. “पंधरा मिनिटं राहिलीत माझी,” बाबा न वळता म्हणाले. आवाज स्वच्छ होता, जीभ जड नव्हती.

“उजवा हात दाखवा.”

“कामात आहे तो.”

“बाबा.”

“लहान मुलासारखं नको करूस. तास भरू दे. फॉर्मवर तास लिहिलाय.”

तिचे पाय घरातल्या चपलांत बधिर व्हायला लागले होते. फोर्कलिफ्टवाला उंबऱ्याशी उभा होता आणि आत येत नव्हता. शेवटी ती त्यांच्याच भाषेत बोलली. “मी स्टुलावर आहे. बाहेर या.”

बाबांच्या हातातली दोरी थांबली. ते क्षणभर तसेच वाकून राहिले. मग तिच्या बाजूनं बाहेर गेले आणि फळीवरचा आपला बिल्ला काढला. डाव्या हातानं.

कामगारांच्या खोलीत किटली होती. तिनं पातेल्यात कोमट पाणी केलं, कोपरानं तपासून बघितलं, लेकीच्या आंघोळीचं बघते तसं, आणि त्यांचा उजवा हात त्यात बुडवला. हात पांढरा पडलेला नव्हता. बधिरही नसावा, कारण पाणी लागताच ते म्हणाले, “ऊन आहे जास्त.” दहा मिनिटं गेली. तिनं पाणी बदललं. वीस मिनिटं झाली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि हात गुलाबी झाला होता.

“आता टेकवा.”

करंगळी हलली. अंगठा अर्ध्या वाटेवर आला आणि तिथेच थरथरत राहिला, दाराशी येऊन आत यावं की नाही ठरत नसल्यासारखा.

“हे थंडीनं नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“कधीपासून?”

“चौदा महिने.” बाबांनी हात टॉवेलात गुंडाळला. “दवाखान्यात जाऊन आलो एकटाच. नसांचं आहे. वर चढत जाणार म्हणाला, सावकाश. चांगला होता डॉक्टर. सावकाश हा शब्द दोनदा म्हणाला.”

“आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“याला कळलं.” त्यांनी मानेनं बाहेर फोर्कलिफ्टवाल्याकडे दाखवलं. “आत कुणी पडला तर ओढून आणायचं काम स्टुलावरच्याचं. एका हातानं मी काय ओढणार? तर हा आपलं जेवण सोडून दारापाशी गाडी पुसत बसायचा. चौदा महिने पुसतोय. एवढी चकचकीत फोर्कलिफ्ट जगात नसेल.”

ते हसले. तिला हसता आलं नाही. चौदा महिने फळीवर माणसांचे बिल्ले लटकत होते आणि त्यांच्या राखणीला एक हात होता. हे त्यांनाही ठाऊक होतं. हसताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

“सांगितलं असतं तर स्टूल गेलं असतं,” बाबा म्हणाले. मग टॉवेलाचं टोक आत खोचत, “चुकलंच ते. पण हे बघ, अजून वर्षभर तरी डावा आहे. पुढच्या हिवाळ्याचं काही खरं नाही. तू एवढी एक सही कर.”

अठ्ठावीस वर्षांत या माणसानं कुणाची खोटी करंगळी चालवून घेतली नव्हती. तोच आता तिच्याकडे न बघता फॉर्म पुढे सरकवत होता. तिला आठवलं, ती शाळेत असताना त्यांनी तिच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला दोन दिवस लावले होते, कारण एक गुण जास्त पडलेला त्यांना सापडला होता.

“नाही करत,” ती म्हणाली.

बाबा उठले. अंगातला जाड कोट काढायला धडपडले, एका बाहीत अडकले. ती पुढे झाली तसं म्हणाले, “राहू दे.” आणि तसेच, अर्धा कोट ओढत, रिक्षा बघायला गेले.

घरी आल्यावर तिनं फॉर्मवर सही न करता मागच्या बाजूला लिहिलं. उजव्या हाताची बोटं जुळत नाहीत; थंडीमुळे नव्हे, आजारामुळे, आणि तो वाढणार आहे. तंबू एका हातानं उभा केला, अर्ध्या तासात. पिशवीची चेन दातांनी लावली, तिसऱ्या खेपेला. बूट काढून पुन्हा चढवायची वेळ मी येऊ दिली नाही. पंचेचाळीस मिनिटं आत होते, डोकं ठिकाणावर होतं, राग आला होता. थंडीतल्या माणसांबद्दल त्यांना जेवढं कळतं तेवढं तुमच्या बाकीच्या पाच जणांना मिळूनही कळत नसेल. हे शेवटचं वाक्य तिनं खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

“खोटं बोलली असतीस तर काय आकाश कोसळणार होतं?” नवऱ्यानं विचारलं. “चार रात्रींचा प्रश्न.”

“एक रात्र पुरते,” ती म्हणाली. नवऱ्यानं लेकीला उचललं आणि तो बाहेरच्या खोलीत गेला.

चार दिवस उत्तर आलं नाही. चार दिवस बाबा तिच्याशी बोलले नाहीत. फोन केला की “नातीला दे” म्हणायचे. तिनं भिंतीवरच्या याद्या काढल्या नाहीत. त्या कागदांकडे बघणंही तिनं टाळलं. पाचव्या दिवशी म्होरकीचं पत्र आलं, पाच ओळींचं. ते येऊ शकतात. सरावात राग आला होता असं कुणी लिहिलेलं पहिल्यांदाच वाचलं. त्यांना एकट्याचा तंबू मिळणार नाही, दोघांच्या तंबूत झोपावं लागेल. चेन आणि बूट दुसऱ्यानं बघायचे. त्यांच्या तंबूतली सहावी जागा अजून भरलेली नाही. जो कोणी येईल त्याला हे सगळं आधी सांगितलं जाईल.

ती पत्र घेऊन बाबांकडे गेली. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर चढवला.

“आधी सांगणार म्हणते. बाईला काम कळतं.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “म्हणजे कुणीतरी अनोळखी माणूस माझी चेन ओढणार.”

“ओढू द्याल ना?”

“बघू. माणूस कसा निघतो त्यावर आहे.”

त्या आठवड्यात तिनं त्यांच्या सगळ्या चेनींना जाड दोरीचे फास शिवले, मनगट आत जाईल एवढे. कोटाला दोन, पिशवीला एक, बुटांना एकेक. डावा हात किती दिवस पुरेल ते तिला माहीत नाही. बाबा शेजारी बसून प्रत्येक टाका ओढून बघत होते आणि एक त्यांनी उसवायला लावला.

सहावी जागा हे लिहीपर्यंत तरी रिकामी आहे. म्हणून तिचं मागणं आहे, आणि ते तुमच्याकडेच. या हिवाळ्यात तुम्ही त्या तळ्याकाठी गेलात, आणि तुमच्या तंबूत एक वयस्कर माणूस निघाला, जो तुम्हाला बाटली उलटी ठेवायला सांगेल आणि तुमचे मोजे तपासेल, तर त्याचं ऐकून घ्या. मग दिवा मालवण्याआधी एकदा त्याच्याकडे वळून बघा, चेन गळ्यापर्यंत गेली आहे का. नसेल गेली तर ओढा, पण विचारून. पहिल्यांदा तो नको म्हणेल. तुम्ही कूस बदला, थोडा वेळ जाऊ द्या, आणि पुन्हा विचारा.